पॉइंट गार्ड कुठला, यापेक्षा त्याच्या जोडीला कोण? कॉलेज बास्केटबॉलवर चर्चा

वाबाशकाठ

एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम संपला की दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे एकच चर्चा सुरू होते: कोण कुठलं विद्यापीठ सोडतोय आणि आपल्या संघाला पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारा खेळाडू, कोण मिळणार. इथे इंडियानात तर ही चर्चा किराणा दुकानाच्या रांगेतही ऐकू येते. माझं मत जरा वेगळं आहे आणि ते सविस्तर मांडावं म्हणून हा धागा.

मला वाटतं, सगळ्यात चांगला पॉइंट गार्ड शोधण्यात प्रशिक्षक जेवढी शक्ती घालवतात, तेवढी त्याच्या शेजारी बॉल सांभाळू शकणारा दुसरा माणूस शोधण्यात घालवायला हवी. मार्चच्या बाद फेऱ्यांत संघ हरतात ते बहुतेक वेळा एकाच गार्डवर सगळा भार पडल्यामुळे. तो गार्ड वाईट असतो असं नाही.

माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं उदाहरण परड्यूचं, म्हणजे इथल्याच विद्यापीठाचं. २०२२-२३ च्या हंगामात परड्यूकडे झॅक ईडी होता. उंची सात फूट चार इंच, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू. त्याच्यापर्यंत बॉल पोचवायला दोन गार्ड, ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर. दोघंही पहिल्या वर्षाचे, दोघंही इंडियानाचेच. स्मिथ जेमतेम सहा फूट. मोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. प्रशिक्षक मॅट पेंटरने या दोन पोरांना पहिल्या सामन्यापासून उतरवलं आणि संघाने बिग टेन गट जिंकला, गटाची स्पर्धाही जिंकली, राष्ट्रीय स्पर्धेत अव्वल मानांकन मिळवलं.

मग १७ मार्च २०२३. समोर फेअरली डिकिन्सन, सोळावं मानांकन, पहिल्या दर्जाच्या ३६३ संघांत सरासरी उंचीने सर्वांत बुटका संघ. त्यांनी ईडीच्या पुढे एक आणि मागे एक असे दोघे उभे केले, आणि गार्डना पूर्ण मैदानभर सतावलं. परड्यूने १६ वेळा बॉल गमावला. तीन गुणांचे २६ प्रयत्न केले, त्यातले ५ आत गेले. ६३-५८ अशी हार. अव्वल मानांकित संघ सोळाव्याकडून हरण्याची पुरुषांच्या स्पर्धेतली ती फक्त दुसरी वेळ. सगळे म्हणाले, एवढा मोठा ईडी असून हरले कसे? पण ईडीच्या हातात बॉल यायला आधी तो कुणीतरी अर्ध्या मैदानापलीकडे न्यावा लागतो, आणि योग्य क्षणी, योग्य उंचीवर द्यावा लागतो. दोन अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांचे पाय आणि डोकी त्या रात्री थकली होती.

त्या उन्हाळ्यात इथल्या बऱ्याच जणांचा सूर होता की स्मिथला बाजूला करा, बाहेरून तयार पॉइंट गार्ड आणा. खेळाडूंनी विद्यापीठ बदलणं तोवर सोपं झालं होतं, त्यामुळे ते शक्यही होतं. पेंटरने ते केलं नाही. त्याने सदर्न इलिनॉयहून लान्स जोन्सला आणलं. चार वर्षं तिथे खेळलेला, वेगवान, बचावात चिवट गडी. त्याला स्मिथची जागा दिली नाही, स्मिथच्या शेजारची जागा दिली. यातून तीन गोष्टी झाल्या. विरोधी संघाच्या सर्वांत धोकादायक गार्डला अडवण्याचं काम जोन्सकडे गेलं, त्यामुळे स्मिथचे पाय शाबूत राहिले. मैदानभर दबाव आला की बॉल पुढे न्यायला दुसरा हात मिळाला. आणि लॉयरला फक्त मोकळं होऊन नेम धरायचं काम उरलं. तोच ईडी, तेच दोन गार्ड एका वर्षाने मोठे झालेले, आणि एक भर. त्या वर्षी संघाने लांबून सुमारे ४० टक्के नेम साधला आणि १९८० नंतर पहिल्यांदा परड्यू अंतिम चौघांत पोचलं, तिथून अंतिम सामन्यातही.

तो सामना हरलो, हे खरं. पण कुणाकडून? ज्यांची गार्डांची जोडी आणखी भक्कम होती त्यांच्याकडून. कनेटिकटकडे (पुढे युकॉन म्हणतो) ट्रिस्टन न्यूटन होता. तीन वर्षं ईस्ट कॅरोलायनात घालवून २०२२ मध्ये आलेला. २०२३ चं विजेतेपद मिळवूनही तो आणखी एका वर्षासाठी थांबला, आणि त्याच्या शेजारी स्टेफॉन कॅसल आला. पहिल्याच वर्षाचा, उंच, कुणालाही अडवू शकणारा, आणि स्वतः पॉइंट गार्ड म्हणून घडलेला. म्हणजे मैदानावर एका वेळी दोन पॉइंट गार्ड. त्यांचा प्रशिक्षक डॅन हर्लीने अंतिम सामन्यात ईडीला एकास एक असंच अडवलं, मदतीला कुणी धावायचं नाही, बाहेरच्या नेमबाजांना चिकटून राहायचं. ईडीने ३७ गुण केले आणि परड्यूचे तीन गुणांचे सबंध सामन्यात सातच प्रयत्न झाले, त्यातला एक आत गेला. युकॉन ७५, परड्यू ६०. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू न्यूटन. (हा डॅन म्हणजे ड्यूकच्या बॉबी हर्लीचा धाकटा भाऊ. बॉबीचे कॉलेजमधले १,०७६ असिस्ट (ज्या पासवरून थेट गुण होतात ते) १९९३ पासून लोकांच्या तोंडी आहेत. पॉइंट गार्ड म्हणजे काय ते या घरात जेवणाच्या टेबलावर शिकवलं जात असणार.)

आणि पुढच्या वर्षी काय झालं पाहा. न्यूटन आणि कॅसल दोघंही एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, गेले. हसन डियाराकडे बॉल आला. जिद्दी मुलगा, आधीच्या वर्षी बिग ईस्ट या युकॉनच्या गटाचा सर्वोत्तम राखीव खेळाडू. पण त्याच्या जोडीला म्हणून सेंट मेरीजहून आणलेला एडन महॅनी काही रुळला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये हवाईतल्या माऊईच्या स्पर्धेत विजेता संघ लागोपाठ तीन सामने हरला आणि मार्चमध्ये दुसऱ्या फेरीत फ्लोरिडाकडून दोन गुणांनी बाहेर पडला. प्रशिक्षक तोच, डावपेच तेच. बदलली होती ती गार्डांची जोडी.

इथे बरेच जण नॉर्थ कॅरोलायनातलं ट्रायँगल, बे एरिया, न्यू जर्सीत आहेत, आपापल्या विद्यापीठांचे सामने पाहतात. तुमच्या संघांचा अनुभव काय सांगतो?

साधाप्रश्न

वाचतोय, पण मी बास्केटबॉल शाळेत खेळलो तेवढंच. आमच्याकडे ज्याला ड्रिबल येतं तो बॉल घेऊन धावायचा. पॉइंट गार्ड म्हणजे नेमकं कुणाचं काम? आणि कॉलेजमध्येच त्याचं एवढं महत्त्व का, एनबीएत नाही का?

वाबाशकाठ

@साधाप्रश्न, चांगला प्रश्न. पॉइंट गार्ड बॉल पुढे आणतो, कुठला डाव खेळायचा ते बोटांनी किंवा आवाजाने सांगतो, आणि बॉल कुणाला, कधी, कुठल्या हातात द्यायचा ते ठरवतो. प्रशिक्षकाचं मैदानावरचं डोकं म्हणा.

एनबीएत महत्त्व आहेच, पण तिथे प्रत्येक संघात तीन-चार जण हे काम करू शकतात. कॉलेजमध्ये वयं अठरा ते तेवीस, आणि दरवर्षी अर्धा संघ बदलतो. शिवाय बाद फेरीत एकच सामना. एनबीएत सातपैकी चार जिंकायचे असतात, एक रात्र वाईट गेली तर दुसरी मिळते. इथे ६८ संघांपैकी ६७ जणांचा हंगाम पराभवाने संपतो. चाळीस मिनिटांचा खेळ, नेम मारायला ३० सेकंद, बॉल अर्ध्या मैदानापलीकडे न्यायला १०. यातल्या प्रत्येक सेकंदाचा हिशेब पॉइंट गार्डच्या डोक्यात असावा लागतो.

पाइनवृक्ष

मी नॉर्थ कॅरोलायनातल्या केरीत राहतो, घरात नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची माणसं आणि शेजारी ड्यूकची, त्यामुळे या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या मताला माझ्याकडून सगळ्यात दुखरा पुरावा: २०१२.

आधी थोडं मागे जातो. २०१०-११ च्या हंगामात नॉर्थ कॅरोलायनाचा पॉइंट गार्ड होता लॅरी ड्रू दुसरा. जानेवारी २०११ मध्ये प्रशिक्षक रॉय विल्यम्सने त्याच्या जागी पहिल्या वर्षाच्या केंडल मार्शलला सुरुवातीच्या पाचात घेतलं. खेळ लगेच बदलला. मार्शल फार वेगवान नव्हता, नेमही बेताचाच. पण बॉल त्याच्या हातून सुटायचा तो दुसऱ्याच्या हातात नेम धरायच्या स्थितीतच पडायचा. फेब्रुवारीत ड्रू संघ सोडून गेला आणि पुढे यूसीएलएत खेळला. त्या वेळी कुणाला त्याचं फार वाटलं नाही. मार्शल होता ना.

२०११-१२ मध्ये मार्शलने ३५१ असिस्ट केले, एसीसीत (आमच्या विद्यापीठाच्या गटात) एका हंगामात इतके कुणी केले नव्हते. हॅरिसन बार्न्स, टायलर झेलर, जॉन हेन्सन असे तीन मोठे खेळाडू. जानेवारीत डेक्स्टर स्ट्रिकलंडचा गुडघा गेला. बॉल सांभाळू शकणारा दुसरा गार्ड तोच होता. तरी संघ जिंकत राहिला. मग दुसऱ्या फेरीत क्रेटनविरुद्ध मार्शल पडला आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं.

त्यानंतर बॉल कुणाकडे आला? स्टिलमन व्हाइट नावाच्या पहिल्या वर्षाच्या मुलाकडे, जो वर्षभर सामन्यात जेमतेम काही मिनिटं उतरत असे. त्या मुलाने जे केलं त्याबद्दल मला आजही आदर वाटतो. ओहायोविरुद्ध आणि नंतर कॅन्ससविरुद्ध, दोन्ही सामन्यांत मिळून त्याने एकदाही बॉल गमावला नाही. पण ओहायोला हरवायला जादा वेळ लागला आणि कॅन्ससने शेवटी ८०-६७ असं हरवलं. व्हाइट चुकला नाही, पण बार्न्स आणि झेलरला जे पास मार्शलमुळे आपोआप मिळायचे ते मिळेनासे झाले. बार्न्सला स्वतःचा नेम स्वतः तयार करावा लागला आणि ते त्याचं बलस्थान नव्हतं. तिघेही उंच खेळाडू त्याच उन्हाळ्यात एनबीएने पहिल्या फेरीत उचलले, म्हणजे गुणवत्तेचा प्रश्नच नव्हता.

माझा प्रश्न असा: जानेवारी २०११ ची निवड बरोबरच होती, मार्शलच हवा होता. पण ड्रू जाणार हे दिसत असताना, आणि तो गेल्यावर सबंध एक भरतीचा हंगाम हातात असताना, तिसरा गार्ड का उभा केला नाही? ते विजेतेपद तिथेच गेलं असं मी मानतो.

ता.क.: व्हाइट पुढे दोन वर्षं धर्मसेवेला गेला, परत आला आणि २०१७ च्या विजेत्या संघात होता. त्या वर्षीचा पॉइंट गार्ड जोएल बेरी दोन्ही घोटे दुखावलेले असताना खेळला.

ब्लूग्रास_बापू

सगळे एका सुरात बोलताय म्हणून जरा विरोधी बाजू मांडतो.

केंटकी, २०१२. पाइनवृक्ष ज्या वर्षाचं दुःख सांगताहेत त्याच वर्षीचा विजेता. पॉइंट गार्ड मार्क्विस टीग, पहिल्या वर्षाचा, एकटा. त्याच्याआधी प्रशिक्षक जॉन कॅलिपारीकडे डेरिक रोज (तेव्हा कॅलिपारी मेम्फिसला होता), जॉन वॉल, ब्रँडन नाइट असे एकाहून एक सरस गार्ड होऊन गेले. त्या सगळ्यांत टीग सर्वांत साधा. आणि विजेतेपद मिळालं ते टीगच्या वर्षी! रोज अंतिम सामना जादा वेळेत हरला, वॉल अंतिम चौघांतही पोचला नाही. कारण सरळ आहे, २०१२ मध्ये अँथनी डेव्हिस होता. अंतिम सामन्यात दहापैकी एकच नेम लागला, सहा गुण. तरी १६ रिबाऊंड (हुकलेले नेम पकडणं), ६ ब्लॉक (समोरच्याचा नेम अडवणं), आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच. बास्केटखाली असा माणूस असेल तर गार्डने फक्त गोंधळ न घालणं पुरतं.

आणि परड्यूचं म्हणाल, तर २०२४ मध्ये टेनेसीविरुद्ध ईडीने ४० गुण केले नसते तर जोन्स असून काय झालं असतं? श्रेय गार्डांना आणि दोषही गार्डांना, हे मला पटत नाही. मोठ्या माणसांच्या खांद्यावर तुम्ही गार्डांची गोष्ट सांगताय.

वाबाशकाठ

@ब्लूग्रास_बापू, टीगचं उदाहरण चपखल आहे, पण तो एकटा नव्हता. त्याच्या शेजारी डोरॉन लँब होता. शाळेपासून बॉल हाताळणारा गार्ड, अंतिम सामन्यात २२ गुण. शिवाय मायकेल किड-गिलख्रिस्ट रिबाऊंड घेऊन स्वतःच बॉल पुढे न्यायचा, आणि डॅरियस मिलर चौथ्या वर्षाचा. टीग साधा असून चालला, कारण त्याच्यावर सगळं अवलंबून नव्हतं. रोज आणि वॉल अलौकिक होते, पण त्यांच्या संघांत अडचण आली की सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडेच वळायच्या.

ईडीचं मान्य आहे. पण ईडी २०२३ मध्येही होताच. तोच माणूस, तीच उंची, त्या रात्रीही त्याने २१ गुण केले. मोठा माणूस असणं ही अट झाली. ती दोन्ही वर्षी पूर्ण होती, निकाल मात्र वेगळे लागले.

ब्लूग्रास_बापू

लँबचा मुद्दा घेतला. रोजबद्दल मात्र वाद घालीन. मेम्फिसने तो सामना शेवटच्या दोन मिनिटांत फ्री थ्रो चुकवून घालवला, आणि ते एकट्या रोजने चुकवले नाहीत. ख्रिस डग्लस-रॉबर्ट्सनेही चुकवले. यात जोडीचा काही संबंध नाही.

वाबाशकाठ

हे खरं आहे. रोजचं उदाहरण मागे घेऊया, वॉलचं ठेवतो.

ब्लूरिज

वाबाशकाठ, मी लिहिणार आहे ते तुम्हाला आवडणार नाही, कारण त्यात परड्यू हरतं.

व्हर्जिनिया २०१८ मध्ये सोळाव्या मानांकित संघाकडून हरलं. पुरुषांच्या स्पर्धेत असं पहिल्यांदाच झालं, यूएमबीसीने २० गुणांनी हरवलं. पुढच्या वर्षी प्रशिक्षक टोनी बेनेटने केलेली भर म्हणजे किहेई क्लार्क. पहिलं वर्ष, उंची पाच फूट नऊ इंच. टाय जेरोम हा आधीचा पॉइंट गार्ड, उत्तम खेळाडू. क्लार्क आल्याने जेरोमला बॉलशिवाय फिरायला, नेम धरायला मोकळीक मिळाली, आणि विरोधी गार्डला अर्ध्या मैदानापासून छळायचं काम क्लार्कने घेतलं. तुमच्या जोन्सच्या पाच वर्षं आधी हाच विचार.

आता ३० मार्च २०१९, लुईव्हिल. अंतिम चौघांसाठी व्हर्जिनिया विरुद्ध परड्यू. परड्यूचा कार्सन एडवर्ड्स त्या रात्री ४२ गुण करून गेला. ५.९ सेकंद बाकी, व्हर्जिनिया दोनने मागे, जेरोमचा दुसरा फ्री थ्रो चुकला. मामाडी डियाकिटेने बॉल मागे थापटला आणि तो थेट व्हर्जिनियाच्या अर्ध्या मैदानात गेला. क्लार्क त्याच्यामागे धावला, उचलला, वळला. जेरोम बॉल मागत होता, सगळ्यांना वाटलं त्यालाच देणार. क्लार्कने पलीकडे मोकळा उभा असलेला डियाकिटे पाहिला आणि लांब, सपाट पास फेकला. डियाकिटेने लगेच नेम मारला, भोंगा वाजला तेव्हा बॉल हवेत होता. बरोबरी. जादा वेळेत ८०-७५, आणि नऊ दिवसांनी विजेतेपद.

हा पास मी खूपदा पाहिला आहे. त्यात सर्वांत मोठी गोष्ट मला ही वाटते की पहिल्या वर्षाच्या मुलाने संघातल्या मोठ्या खेळाडूचं ऐकलं नाही, मैदान पाहिलं.

आता याच मुलाचा दुसरा क्षण. मार्च २०२३, पाचवं वर्ष, विद्यापीठाच्या इतिहासात सर्वाधिक असिस्ट त्याच्या नावावर. फर्मनविरुद्ध व्हर्जिनिया दोन गुणांनी पुढे, काही सेकंद उरलेले. क्लार्क स्वतःच्या बाजूच्या कोपऱ्यात दोघांच्या कचाट्यात सापडला. त्याने बॉल उंच फेकला, तो फर्मनच्या हातात पडला आणि तिथून जेपी पेगीसने तीन गुणांचा नेम मारला. ६८-६७. संपलं.

लोक त्याला दोष देतात. मी ती चित्रफीत पाहतो तेव्हा माझं लक्ष दुसरीकडे जातं. २०१९ ला अशा वेळी जेरोम आणि काइल गाय बॉल मागायला धावत यायचे. २०२३ ला कोपऱ्यात अडकलेल्या क्लार्ककडे येणारं कुणी दिसत नाही. अनुभव पाच वर्षांचा, पण शेजार रिकामा.

पाइनवृक्ष

@ब्लूरिज, शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत. क्लार्कला त्या एका फेकीवरून ओळखणं अन्यायाचं आहे.

ऑरेंजसिटी_कोच

नमस्कार सगळ्यांना. मी नागपूरला कॉलेजच्या मुलींना बास्केटबॉल शिकवते. अमेरिकेतले सामने पहाटे उठून पाहते, मुलींनाही दाखवते. पुरुषांची उदाहरणं खूप झाली, एक मुलींचं सांगते, कारण तुमचा मुद्दा मला तिथे सगळ्यात स्पष्ट दिसला.

साऊथ कॅरोलायना, २०२३ ची उपांत्य फेरी, समोर आयोवा. साऊथ कॅरोलायना त्या हंगामात तोवर एकही सामना न हरलेली. रेव्हन जॉन्सन गार्ड. ती तीन गुणांच्या रेषेबाहेर बॉल घेऊन उभी, आणि आयोवाच्या केटलिन क्लार्कने तिला हाताने झिडकारल्यासारखं करून मोकळं सोडलं. जणू म्हणाली, मार, तुझी भीती नाही. सगळ्या जगाने ते पाहिलं. क्लार्कने ४१ गुण केले, आयोवा ७७-७३ ने जिंकली.

साऊथ कॅरोलायनाची प्रशिक्षक डॉन स्टेली स्वतः व्हर्जिनियाची पॉइंट गार्ड, तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं. तिने जॉन्सनला काढलं नाही. ऑरेगनहून तेहिना पाओपाओला आणलं. पाओपाओ ऑरेगनला पॉइंट गार्डच होती, आणि लांबून नेम पक्का. आता जॉन्सनला मोकळं सोडलं तर बॉल पाओपाओकडे जाणार. जॉन्सनने स्वतःचा नेमही सुधारला. पुढच्या वर्षी, २०२४ च्या अंतिम सामन्यात, पुन्हा क्लार्क. पहिल्या पावात (क्वार्टरमध्ये) तिने १८ गुण केले, पण उरलेल्या तीन पावांत मिळून १२. तिच्यामागे बराच वेळ जॉन्सनच होती. साऊथ कॅरोलायना ८७-७५, सगळा हंगाम ३८-०.

आता माझा प्रश्न. माझ्याकडे एक मुलगी आहे, ड्रिबल फार छान, डोकंही चालतं. पण समोरच्या संघाने पूर्ण मैदान प्रेस, म्हणजे मैदानभर दबाव, लावला की बाकीच्या चौघी पुढे पळून जातात आणि ती एकटी अडकते. बाहेरून कुणाला आणायची सोय आमच्याकडे नाही, जी मुलगी कॉलेजमध्ये प्रवेश घेते तीच खेळते. तुम्ही म्हणता जोडी करा. कुणाबरोबर करू? माझ्याकडे दुसरी गार्ड म्हणावी अशी मुलगीच नाही. पाच फूट नऊ इंचाची एक फॉरवर्ड आहे, हात मऊ, पण बॉल घेऊन धावायला घाबरते.

हिशेबनीस

कोच बाईंच्या प्रश्नाला जाणकार उत्तर देतीलच. मी पैशाची बाजू सांगतो, कारण त्याशिवाय ही चर्चा अर्धी राहील.

पूर्वी विद्यापीठ बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागे. बेलरचा डेव्हियन मिचेल ऑबर्नहून आला आणि २०१८-१९ चं वर्ष नुसता सराव करत बसला. त्या वर्षात तो घडला. मग जॅरेड बटलर, मॅसिओ टीग आणि मिचेल असे तीन गार्ड एकत्र आले आणि २०२१ च्या अंतिम सामन्यात तोवर एकही सामना न हरलेल्या गोंझागाला त्यांनी ८६-७० असं हरवलं. २०२१ पासून एकदा बदलायला बसावं लागत नाही, २०२४ पासून कितीही वेळा. जुलै २०२१ पासून खेळाडू स्वतःच्या नावावर पैसे मिळवू शकतात, आणि २०२५-२६ पासून विद्यापीठं थेट देऊ शकतात, त्या पहिल्या वर्षी सगळ्या खेळांना मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत.

याचा परिणाम असा की चांगला दुसरा गार्ड दुसरा राहायला तयार नसतो. त्याला दुसरीकडे पहिल्याची जागा आणि जास्त पैसे मिळतात. वाबाशकाठ म्हणतात ते पटतं, पण ते करणं दरवर्षी महाग होत चाललंय.

फ्लोरिडाने मात्र एक सुंदर वाट दाखवली. वॉल्टर क्लेटन आयोनाहून २०२३ मध्ये आला. तेव्हा पॉइंट गार्ड होता झायन पुलिन. क्लेटन वर्षभर त्याच्या शेजारी खेळला. संघ पहिल्याच फेरीत कोलोरॅडोकडून १०२-१०० ने हरला, पुलिनचं शिक्षण संपलं, आणि क्लेटन पुढे सरकला. त्याच्या शेजारी विल रिचर्ड होताच, फ्लोरिडा अटलांटिकहून अलायजा मार्टिन आला. २०२५ मध्ये उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध क्लेटनचे ३४ गुण. अंतिम सामन्यात ह्यूस्टनने त्याला इतकं बांधून ठेवलं की पहिल्या अर्ध्यात एकही गुण नाही. तेव्हा रिचर्डने संघ धरून ठेवला. शेवटच्या क्षणी ह्यूस्टनचा इमॅन्युएल शार्प नेम मारायला उडाला तर समोर क्लेटन धावून आलेला, शार्पला बॉल सोडून द्यावा लागला. ६५-६३. शेजारी उभं राहून वर्षभर शिकलेला गार्ड पुढच्या वर्षी संघ चालवतो, हे अजून शक्य आहे. फक्त त्याला थांबायला कारण द्यावं लागतं.

ब्लूग्रास_बापू

क्लेटनचं उदाहरण मला जास्त पटलं. आणि स्मिथ चौथ्या वर्षीही परड्यूतच राहिला हे आजच्या काळात खरंच विशेष.

पाइनवृक्ष

@ऑरेंजसिटी_कोच, मी इथे शाळेच्या मुलांना शनिवार-रविवारी शिकवतो, त्यावरून सांगतो. दुसरी गार्ड शोधू नका. ती फॉरवर्डच तुमची जोडी आहे. प्रेस तोडायला तिने बॉल घेऊन धावायची गरजच नाही. तिला मध्यरेषेच्या जरा अलीकडे, मैदानाच्या मधोमध उभी करा. गार्डभोवती दोघी आल्या की बाकीच्या चौघींसमोर बचावाला तिघीच उरतात, आणि उंच मुलगी मध्ये असेल तर तिच्याकडे डोक्यावरून पास जातो. तिने बॉल घेऊन फक्त वळायचं आणि कडेने पळणाऱ्या मुलीला द्यायचा. एकही ड्रिबल नाही. बाकी दोघी कडेने. पाचवी मुलगी गार्डच्या मागे, तिरकी, म्हणजे काहीच जमलं नाही तर बॉल मागे देता येईल. चौघी पळून जातात म्हणालात, त्यातल्या दोघींच्या जागा बदलल्या की पुरे.

सरावाला पाचजणींविरुद्ध सात बचाव करणाऱ्या उभ्या करा, आणि गार्डला ड्रिबल करायला बंदी घाला. पहिले काही दिवस बॉल सारखा हरवेल, मुली चिडतील. चालू ठेवा.

वाबाशकाठ

@ऑरेंजसिटी_कोच, पाइनवृक्ष यांच्या सल्ल्यात एकच भर. तुमच्या गार्डला सामन्यात दर पावात दोन-तीन मिनिटं मुद्दाम बॉलपासून लांब खेळवा, आणि ती वेळ तुम्ही निवडा, विरोधी संघाला निवडू देऊ नका. सोप्या सामन्यांत सुरुवात करा. त्या वेळात बाकीच्या चौघींना बॉल पुढे न्यावाच लागेल. गुण जातील काही. पण शेवटच्या पावात ती दमलेली नसेल, आणि फॉरवर्डची भीती तोवर मोडलेली असेल.

ऑरेंजसिटी_कोच

दोघांचे आभार. मधोमध उभी करायचं डोक्यात आलंच नव्हतं, मी तिला बास्केटखालीच ठेवत होते, उंच म्हणून. सात मुली बचावाला मिळणार नाहीत, संघात एकूण दहाच आहेत. पाच विरुद्ध पाच आणि ड्रिबल बंद, असं सोमवारपासून सुरू करते. त्या फॉरवर्डला आज संध्याकाळीच फोन करून सांगते की तुझी जागा बदलतेय. दोन आठवड्यांनी इथेच लिहीन काय झालं ते.